एक वायर! फक्त एक वायर!

नाही, पण मला एक सांगा, ही भोकं ठरवली कुणी? हसू नका, मी गंभीरपणे विचारतोय... लॅपटॉपला चपटं भोक आणि जुन्या टीव्हीला गोल भोकं, हे कुणी, कुठल्या ऑफिसात बसून, कुणाला विचारून ठरवलं? आम्हाला विचारलं? अख्ख्या पलूस तालुक्यात एका तरी माणसाला विचारलं? टीव्हीला तीन गोल भोकं, लाल, पांढरं, पिवळं, जणू बालवाडीच्या गॅदरिंगला लावलेले फुगे, आणि इकडं माझा लॅपटॉप, त्याच्या बरगडीत एक चपटी फट, आणि ह्या दोघांचं जमवायचं म्हटलं की जो भेटेल तो खांदे उडवून म्हणतो, "त्यात काय? एक वायर लावायची!" एक वायर! फक्त एक वायर! त्या एका वायरपायी मी भिंत फोडलीय, तुम्हाला सांगतो. भिंत! आणि तीही आत्याची!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगं बी.एस्सी. झालं आणि वाया गेलं.

माझी आत्या, साळूबाई. तिचा मुलगा शिवतेज फौजेत आहे. कुठं आहे ते विचारायचं नाही, तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही, तो फक्त 'वर' आहे. वर म्हणजे इतकं वर, की तिथं मोबाइलला रेंज नाही. रविवारी तो थोडा खाली येणार होता, जिथनं फोन लागतो तिथं, साडेसहानंतर, रांगेत त्याचा नंबर येईल तेव्हा. मग परत वर. आणि एकदा वर गेला, रस्ता बर्फानं बंद झाला, की उन्हाळ्यापर्यंत त्याचं तोंड दिसायचं नाही. आता तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवर व्हिडिओ कॉल करा, रडताय कशाला? अहो, आत्याच्या डोळ्यात मोतीबिंदू! एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बघते... मागच्या वेळी तिनं इतका जवळ नेला, इतका जवळ नेला, की तिचं नाक लागून कॉल कट झाला! नाकानं! पोरगं तिकडं बर्फात "आई, आई" करतंय आणि इकडं आत्या अंधारलेल्या मोबाइलला म्हणतेय, "आरं गेला कुठं ह्यो?" मग लॅपटॉप? माझा लॅपटॉप कॉलेजच्या पहिल्या वर्षातला आहे, त्याचा पडदा इतका मंद झालाय की दिवसाढवळ्या मलाच माझा चेहरा ओळखू येत नाही, तिला काय दिसणार?

पण टीव्ही तिला दिसतो. रोज बघते ना! जुना, लठ्ठ, मागं एवढं मोठं पोट आलेला टीव्ही, पण पडदा हा एवढा! तो शिवतेजनं पहिल्या पगारातून घेतला, सांगलीहून टेम्पोत बसून मांडीला मांडी लावून आणला. मी किती वेळा म्हटलं, आत्या, आता पातळ टीव्ही घेऊ, भिंतीला टांगू. तर म्हणते, "माझ्या लेकानं आणल्याला टीव्ही हाय त्यो. पातळ झाला न्हाई म्हणून टाकून दिऊ व्हय? मी तरी कुठं पातळ हाय?" बोला! आणि शेजारी जाऊन बघू म्हटलं, तर, "माझ्या पोराचं तोंड मी दुसऱ्याच्या घरात बघू?" झालं. म्हणून मी म्हटलं, मी कशाला शिकलोय? लॅपटॉपवर कॉल घ्यायचा, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, शिवतेज एवढा मोठा दिसेल. म्हणजे लावायचं काय? एक वायर! फक्त एक वायर!

गेलो सांगलीला. दुकानदार मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. मी सगळं समजावून सांगितलं, चपटं भोक, गोल भोकं, आत्या, मोतीबिंदू, बर्फ, सगळं. त्यानं मान वर न करता एक डबी काढून पुढं सरकवली, काडेपेटीएवढी, "घेऊन जा दादा, चालतंय." मी म्हटलं, लॅपटॉपमधून टीव्हीकडं जायला पाहिजे चित्र. "चालतंय की दादा." म्हटलं, उलटं नको, टीव्हीकडून लॅपटॉपकडं नको. "दोन्हीकडनं चालतंय दादा, येताना-जाताना." येताना-जाताना! जसा काही पूल आहे! घरी येऊन लावतोय, तपासतोय, तर त्या डबीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की हे फक्त गोल भोकातून चपट्या भोकात जातं. एकेरी रस्ता, आणि नेमका उलटा! परत गेलो, भांडलो. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणा ना! ह्या देशात 'मला माहीत नाही' हे तीन शब्द बोलायला लोक इतके का घाबरतात? तर तो म्हणतो, "दादा, रागावताय कशाला, त्यात काय, बदलून देतो, एक वायर तर हाय." तुम्हाला सांगतो, मी त्या काउंटरची काच फोडली असती, पण काचेवर साईबाबांचा फोटो होता.

असो. डबी मिळाली. बरोबर दिशेची. रविवारी दुपारी आत्याकडं पोचलो, म्हटलं वेळ भरपूर आहे. टीव्हीजवळ गेलो, मागं हात घातला... हात जाईना. दुसऱ्या बाजूनं घातला... जाईना. अहो, टीव्ही भिंतीत! भिंतीत बांधलेला! भिंतीला कोनाडा केलाय, त्यात टीव्ही घातलाय, आणि तो आत घातल्यावर चारी बाजूंनी सिमेंट करून वर संगमरवराची पट्टी बसवलीय, फोटोच्या फ्रेमसारखी! म्हणजे टीव्ही पुढं येत नाही, मागं जात नाही, नखसुद्धा शिरत नाही! डिशची नि विजेची वायर तेवढी एका पाइपातून आत गेलीय, बस्स. मी विचारलं, हे कुणी केलं? आत्या अभिमानानं म्हणते, "गुंडानं. लय झ्याक बसवलाय न्हाई?"

गुंडामामा. गावचा गवंडी. बोलावलं त्याला. आला, तंबाखू मळत उभा राहिला, आणि मी आरोपी असल्यासारखा माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय, म्याच बांधलाय. साळूआक्का म्हनली, उंदीर शिरता कामा न्हाई. म्या म्हनलं, उंदराचं सोडा, वारंसुदिक शिरनार न्हाई."

मी म्हटलं, "अहो मामा, पण टीव्ही बिघडला तर काढायचा कसा?"

"बिघडला का?"

"नाही, पण बिघडला तर?"

"बिघडला न्हाई न्हवं? मग?"

अहो, हे काय लॉजिक झालं? मी विज्ञानाचा पदवीधर! आणि माझ्यापुढं हे लॉजिक!

आणि त्याचा माझ्यावर आधीचाच राग, तो वेगळाच. तो भोंग्याचा. आमच्या गावात संध्याकाळी सातला भोंगा होतो. भोंगा झाला की साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. ही योजना कुणी आणली? मी! ग्रामसभेत टेबलावर मूठ आपटून भाषण कुणी केलं? मी! 'एक अपवाद झाला की नियम मेला,' हे वाक्य माझं आहे, शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलंय, जाऊन बघा. आणि घरोघर फिरून टीव्ही बंद आहे का बघणाऱ्या बायकांच्या पथकाची प्रमुख कोण? साळूआत्या! एका डोळ्यानं बघते, पण खिडकीतला निळा उजेड तिला गल्लीच्या टोकावरनं दिसतो. तर एकदा क्रिकेटची फायनल होती, सामना अगदी शेवटाला आलेला, आणि गुंडामामानं आवाज बंद करून, वर गोधडी टाकून, गोधडीच्या आत डोकं घालून टीव्ही लावला होता. आत्या नि मी गेलो, आणि मी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. तो हात जोडत होता, "आरं धैर्यशील, चारच बॉल ऱ्हायल्यात रं!" मी म्हटलं, मामा, नियम म्हणजे नियम.

तेव्हापासून तो मला धैर्यशीलराव म्हणतो.

"तर आता काय करायचं, धैर्यशीलराव?" म्हणाला. "पट्टी काढायची तर टीव्हीची काच जाईल. म्या सांगतो, मागनं फोडू. सैपाकघरातनं."

आत्या म्हणाली, "फोडा." मी म्हटलं, आत्या, भिंत आहे. "भिंत परत बांधता येतीया. पोरगं उन्हाळ्यापत्तुर दिसायचं न्हाई." मसाल्याचे डबे उतरवले, पातेली उतरवली, आणि गुंडामामानं छिन्नी-हातोडा घेतला. काय ते बांधकाम, तुम्हाला सांगतो! आमच्याकडं ओढ्यावरचा पूल दर पावसाळ्यात वाहून जातो, शाळेचं छत गळतं, आणि ह्या गड्यानं टीव्हीमागं धरणाची भिंत घातलेली! घाव घालतोय नि स्वतःवर खूश होतोय, "बगा, हलतंय का? बगा की!" अहो मामा, हलायलाच पाहिजे, त्यासाठीच फोडताय ना! सगळ्या स्वयंपाकघरात धूळ, आत्या पदर तोंडाला लावून मधूनच विचारतेय, "धैर्या, किती वाजलं?" आणि मी कपाळाला हात लावून उभा. कशासाठी? एक वायर! फक्त एक वायर!

पडली एकदाची. एवढं मोठं भगदाड, टीव्हीच्या शेजारून पार पुढच्या खोलीत आरपार. मी बॅटरी लावली, डोकं आत घातलं... टीव्हीची पाठ! तीन गोल भोकं! लाल, पांढरं, पिवळं! इतका आनंद मला रिझल्टच्या दिवशी झाला नव्हता. वायर घेतली, पुढं केली... जाईना. अहो, जाईना! नीट बघितलं तर तिन्ही भोकांवर मातीचा गिलावा! कुंभारमाशीनं घर केलेलं! गोल, गुळगुळीत, एकावर एक थर, दगडासारखं टणक! त्या वायरच्या पाइपातून आत शिरली असणार आणि वर्षानुवर्षं लिंपत बसली असणार. ज्या कोनाड्यात वारा शिरणार नव्हता, त्यात तिनं अख्खी वसाहत बांधली! मी खरवडायला गेलो तर आतली पिवळी कडीच तुटून हातात आली. मी तिथंच ओरडलो, "माशीनं केलं ते! माशीनं!"

गुंडामामानं माझ्या खांद्यावरून आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणतो, "काम मातूर सुबक हाय."

मी छिन्नी उचललीच होती. शपथ! तेवढ्यात आत्या टीव्हीच्या खोलीतून म्हणाली, "धैर्या, तू पिवळं भोक पिवळं भोक करतूयास, ते असलं असतंय व्हय रं?" गेलो. टीव्हीच्या पुढच्या बाजूला, पडद्याखाली, एक बारीकसं झाकण. त्यावर लेसचं कापड लोंबत होतं म्हणून मला दिसलंच नव्हतं. आत्यानं ते झाकण नखानं खाली पाडलं, आणि आत... लाल. पांढरं. पिवळं. पुढं! पुढच्या बाजूला! पहिल्या दिवसापासून! आणि पिवळ्या भोकात तिची सुई खोचलेली, पांढऱ्या दोऱ्यासकट. "मी हितं सुई ठिवती," म्हणाली. "पोरांच्या हाताला लागू नये म्हणून."

मी एकदा त्या सुईकडं बघितलं, एकदा मागच्या भगदाडाकडं बघितलं, त्या भगदाडातून गुंडामामाचं तोंड दिसत होतं, शांतपणे तंबाखू चघळणारं. म्हणतो कसा, "मग भिंत कशापायी फोडली म्हनायची, धैर्यशीलराव?"

तुम्हीच सांगा, मी रडायचं की मारामारी करायची?

पण वेळच नव्हता. सुई काढली, तिन्ही वायरी खोचल्या, डबी लावली, डबीला वीज लागते ती दिली, लॅपटॉप जोडला. टीव्ही लावला. निळा. नुसता निळा. रिमोटवर एक बटण असतं, कुठून चित्र घ्यायचं ते बदलायचं. आत्याचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबर, आत आणखी एक पिशवी. "हात खराब लागत्यात त्येला." सोडवतोय रबर, सोडवतोय, आणि लॅपटॉप वाजला. शिवतेजचा कॉल!

घेतला. आवाज आला, लॅपटॉपमधून आला, स्पष्ट आला, "आई? आई, दिसतोय का मी?" आणि पडदा निळा! ठार निळा! मी लॅपटॉपच्या कळा बडवतोय, डबी हलवतोय, पिशवी दातानं फाडतोय, आणि आत्या... अहो, आत्या खुर्ची ओढून त्या निळ्या पडद्यासमोर बसली, पदर नीट केला, केस सारखे केले, आणि म्हणाली, "दिसतूस की बाबा! झ्याक दिसतूस! चांगला जाड झालायास की रं!"

निळ्या पडद्याला! मी म्हटलं, आत्या, अगं काही दिसत नाहीये! तिनं माझ्या पायावर चापट मारली, आणि हळूच म्हणाली, "गप. त्येला वाईट वाटंल." आणि परत पडद्याला, "टोपी लय शोभतीया तुला." तिकडून शिवतेज म्हणतो, "आई, टोपी घातलेली न्हाई मी." "व्हय व्हय, घालत जा म्हनती मी, थंडी हाय!"

आता सांगा, माणसानं चिडायचं नाही? एवढं विज्ञान, एवढे उपग्रह वर फिरतायत, बर्फातनं आवाज आमच्या ह्या कुंडल गावापर्यंत येतोय, आणि शेवटच्या दोन विटांच्या अंतरावर सगळं अडलंय! कशानं? एका वायरनं! फक्त एका वायरनं!

पिवळी वायर काढली, फुंकली, हो, फुंकली, बी.एस्सी. असूनही फुंकली, पुन्हा खोचली, रिमोटवर ते बटण दाबलं... आणि आला! शिवतेज आला! रंग नव्हता, काळा-पांढरा होता, जरा उभट झालेला, पण एवढा मोठा, अख्ख्या पडद्यावर, गालावर खरबरीत दाढी, मागं रांगेत उभ्या जवानांची डोकी! आत्या खुर्चीतून उठली. पडद्याजवळ गेली. म्हणाली, "आरं, ह्यो तर वाळलाय!"

शिवतेज म्हणाला, "मघाशी जाड म्हनत हुतीस न्हवं?" आणि तो हसला, आणि ती हसली, आणि भगदाडातून गुंडामामाही डोळे पुसत होता, धुळीनं, असं तो म्हणतो, आणि मी, तुम्हाला सांगतो, मी त्या क्षणी सगळ्यांना माफ केलं. दुकानदाराला, माशीला, सगळ्यांना.

आणि मग माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं. सातला अगदी थोडं कमी होतं.

मी आत्याचा मोबाइल उचलला, मौलाभाईंना फोन लावला. मौलाभाई म्हणजे ग्रामपंचायतीचे शिपाई. पूर्वी भोंग्याचं बटण ते दाबायचे. कधी सातला, कधी चहा संपल्यावर, कधी दारात कुणी गप्पा मारत उभं असलं तर सव्वासातला. मी म्हटलं, मौलाभाई, दहा मिनिटं, आज फक्त दहा मिनिटं भोंगा थांबवा! तर म्हणतात, "माझ्या हातात काय हाय आता? आवं, तुमीच न्हाई का त्यो टायमर बसवला? माणसावर इसंबून ऱ्हायचं न्हाई म्हनून? डब्याला कुलूप बी तुमीच घातलंय. चावी तुमच्याकडंच हाय बगा."

मी खिशात हात घातला. चावी माझ्या हातात, आणि भोंगा झाला.

काय तो आवाज! मीच निवडला होता, पार मळ्यापर्यंत ऐकू जाईल असा. आत्यानं शिवतेजकडं बघितलं. मी म्हटलं, आत्या, हा टीव्ही नाही, हा कॉल आहे. ती म्हणाली, "बाहेरनं बघणाऱ्याला काय कळतंय? साळूबाईच्या घरात निळा उजेड." मी म्हटलं, खिडकी लाव! "खिडकी लावून बघायचं म्हंजे चोरी झाली. उद्या मी कुनाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, आजच्या दिवस! अगं उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाही तो! आणि भगदाडातून आवाज आला, अगदी सावकाश, चवीनं, "एक अपवाद झाला की... काय ते पुढं, धैर्यशीलराव? शाळंच्या भिंतीवर हाय बगा."

आत्या पडद्याला म्हणाली, "ठिवती रं बाबा. भोंगा झाला." आणि शिवतेज, फौजी ना तो, टाचा जुळवल्यासारखा सरळ झाला, "व्हय आई. जपून ऱ्हा." तिनं पडद्यावरून एकदा हात फिरवला. आणि बटण बंद केलं.

मी धुमसत बसलो. अंधार होऊ लागला होता, घरभर धूळ, भिंतीत भगदाड. मी म्हटलं, आत्या, अगं एवढं करून नीट बघितलंस तरी का? तर पायाजवळ पडलेली सुई शोधत म्हणाली, "बघितला की. हसला तवा फुडचा मोडका दात दिसला. लहानपणी विहिरीच्या काठावर पडला हुता न्हवं? त्योच हाय. माझाच हाय."

आणि सुई परत पिवळ्या भोकाशेजारी खोचली.

आता मी कुणावर चिडू, सांगा. दुकानदार चुकला, गुंडा चुकला, माशी चुकली, पिवळी वायर फुंकल्याशिवाय लागली नाही. अख्ख्या आमच्या गावात पहिल्याच फटक्यात बिनचूक लागलेली, एक सेकंद इकडंतिकडं न होणारी एकच वायर आहे. एक वायर. फक्त एक वायर. भोंग्याची. ती मी लावलीय.